निकाह झाला होता, नोंद राहिली होती

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाल्यावर आम्ही रजिस्टर ऑफिसात जाऊन लग्न केलं. घरात कुणी त्याला ‘पुन्हा लग्न’ म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरायचा. इंग्लंडच्या कायद्याच्या लेखी मात्र ते पहिलंच होतं. त्याआधीची दहा वर्षं, दोन मुलं झाल्यावरसुद्धा, मी कागदोपत्री कुणाचीच बायको नव्हते.

हे सगळं निस्तरायला आम्हाला जवळजवळ दीड वर्ष लागलं. त्यातलं सरकारी काम फार तर तीन महिन्यांचं. बाकीचा काळ गप्प बसण्यात, संकोचात आणि घरच्यांची समजूत घालण्यात गेला. या विषयावर इंग्रजीत भरपूर माहिती मिळते, उर्दूतही थोडीफार सापडते. पण दापोली-खेड-मंडणगडकडून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्या कोकणी मुसलमान बायकांना आपल्या भाषेत वाचायला काही नाही. मला तेव्हा कुणीतरी असं सविस्तर सांगायला हवं होतं, म्हणून लिहिते आहे.

मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मुंबईत नर्सिंग, आणि २००९ साली नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला आले. नवऱ्याचं घराणंही कोकणीच, पण त्याचा जन्म बर्मिंगहॅमचा. त्याचे आजोबा जहाजावर खलाशी होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांचं परदेश असंच बोटीवरून सुरू झालेलं आहे.

निकाह झाला ३० जून २०१२ रोजी, शनिवारी, भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये. रमजान तीन आठवड्यांवर आला होता म्हणून ती तारीख धरली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे वलीशिवाय, म्हणजे मुलीच्या बाजूने संमती देणाऱ्या बापासारख्या वडीलधाऱ्याशिवाय, निकाह नाही. अब्बांना व्हिसा वेळेत मिळाला नाही, तेव्हा त्यांनी गावाहून फोन करून माझ्या मामूंना आपला वकील, म्हणजे आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी, नेमलं. मी वरच्या मजल्यावर बायकांमध्ये बसले होते. मामू दोन साक्षीदारांना घेऊन वर आले, मेहेरची रक्कम सांगितली, माझी संमती विचारली. माझा आवाज घशातच अडकला होता. ‘कबूल’ म्हटलं ते शेजारी बसलेल्या मोठ्या जाऊबाईंना, माझ्या भाभींनाच काय ते ऐकू गेलं असेल. मग सही केली. खाली खुतबा झाला, खजूर वाटले, स्पीकरवरून दुआ ऐकू आली आणि सगळ्या बायका मला मिठ्या मारायला धावल्या. मशिदीचा शिक्का असलेला निकाहनामा आम्ही प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवला. आमच्या मते लग्न झालं होतं, आणि अल्लाहसमोर ते झालंच होतं. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

घोळ कुठे झाला ते सांगते. माझ्याकडे माझा स्वतःचा नोकरीचा व्हिसा होता. जी मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर इकडे येते तिला लग्नाचा कायदेशीर पुरावा द्यावाच लागतो. मला तो कुणी कधी मागितलाच नाही. पाच वर्षांनी कायम राहण्याची परवानगी, पुढे नागरिकत्व, सगळं माझ्या नोकरीच्या जोरावर मिळालं. भाभींचा निकाह १९९८ साली खेडला झाला. भारतात मुसलमानांचा निकाह हेच कायदेशीर लग्न, आणि जे लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध असेल ते इंग्लंडही मानतं. म्हणजे एकाच घरात दोन सुना, दोघींचा निकाह झालेला. खेडच्या मांडवातला कायद्याने पक्का, बर्मिंगहॅमच्या हॉलमधला नाही. हे मला समजायला नऊ वर्षं गेली.

एक खूण आधी मिळाली होती, पण आम्हाला ती वाचता आली नाही. २०१४ साली मुलगी झाली. इथे ४२ दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची असते. रजिस्ट्रारबाईंनी विचारलं, लग्न कुठे झालं? नवऱ्याने हॉलचं नाव सांगितलं. “तिथे रजिस्टरवर सह्या केल्या होत्या का?” आम्ही म्हटलं, निकाहनाम्यावर केल्या होत्या. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही दोघंही आलेले आहात, तेव्हा दोघांची नावं लागतील. इथे दोघांनी सही करा.” लग्न झालेलं असेल तर दोघांपैकी एकाने जाऊन नोंद केली तरी चालते. नसेल तर बापाचं नाव लावायला साधारणपणे बापालाही हजर राहावं लागतं. आमची नोंद त्या दुसऱ्या प्रकारची झाली. दाखल्यावर आईबापांचं लग्न झालंय की नाही असं काही छापलेलं नसतं. आम्ही दाखला घेतला, बाहेर येऊन पेढ्याऐवजी मिळाला तो केक खाल्ला आणि घरी आलो. २०१७ ला मुलाच्या वेळीही तेच.

२०२१ च्या जानेवारीत माझ्या एका मैत्रिणीचा नवरा कोविडने गेला. ती आमच्यातलीच, दोन लहान मुलं, तिचाही निकाह इथेच एका हॉलमध्ये झालेला. चार महिने दहा दिवस ती इद्दतीला, म्हणजे नवरा गेल्यावर घरात राहून पाळायच्या मुदतीला, बसली. मी ड्यूटी संपवून दाराशी भाजीपाला ठेवायचे आणि खिडकीतून बोलायचे. इद्दतीतच तिला कळलं की तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘पत्नी’ हा शब्द कुठेच नाही. घर त्याच्या एकट्याच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र नव्हतं. मृत्युपत्र नसेल तर तेव्हाच्या नियमाने कायदेशीर बायकोला मालमत्तेतले पहिले २ लाख ७० हजार पौंड आणि उरलेल्यातलं अर्धं मिळायचं. कायदेशीर बायको नसेल तर आपोआप काहीच नाही, सगळं मुलांच्या नावे. ज्या घरात ती अकरा वर्षं राहिली तिथे तिला स्वतःचा हिस्सा मिळावा म्हणून १९७५ च्या एका कायद्याखाली, ‘दोन वर्षांहून जास्त काळ एकत्र राहणारी व्यक्ती’ म्हणून, दावा लावावा लागला. निकाह झालेल्या बाईला वकिलासमोर बसून ‘एकत्र राहणारी’ असं लिहून द्यायला लागणं काय असतं, ते मी तिच्या तोंडून ऐकलं. विधवांना मिळणारी सरकारी मदतही तेव्हा नाकारली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो नियम बदलला आणि मुलं असलेल्या, पण कायदेशीर लग्न न झालेल्या जोडीदारालाही मागल्या तारखेपासून अर्ज करता आला. तो फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला.

२०२१ च्याच मे महिन्यात एका रात्री मी आमचा निकाहनामा कपाटातून काढला. वरचं सगळं मला पाठ होतं. अगदी तळाशी, शिक्क्याच्या खाली, बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: हा दाखला सरकारी विवाहनोंदणीची जागा घेत नाही. नऊ वर्षांत मी ती ओळ वाचली नव्हती. शिक्क्याच्या शाईने तिच्यावरची दोन अक्षरं झाकली गेली होती.

मी एका वकील बाईंना भेटले. पहिला अर्धा तास त्या पैसे घेत नाहीत, आणि मला तेवढाच पुरला. तुम्हीही जाल तेव्हा प्रश्न आधीच कागदावर लिहून न्या. त्यांनी सांगितलं ते असं. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्न १९४९ च्या विवाह कायद्याप्रमाणे लागतं. ज्यू आणि क्वेकर मंडळींना फार जुनी, अठराव्या शतकापासूनची सवलत आहे. चर्च ऑफ इंग्लंडसारखी अँग्लिकन चर्च सोडली तर बाकीच्यांचं प्रार्थनास्थळ लग्नासाठी वेगळं नोंदवलेलं असावं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते आणि अधिकार असलेली व्यक्ती हजर असावी लागते. बऱ्याच मशिदी लग्नासाठी नोंदवलेल्या नाहीत, आणि हॉल किंवा घरचा निकाह तर या चौकटीत येतच नाही. नसरीन अख्तर यांचा खटला त्यांनी मला समजावून सांगितला. १९९८ साली साउथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये निकाह, संसार, मुलं, आणि पुढे वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. २०१८ मध्ये हायकोर्टाने ते लग्न ‘रद्दबातल लग्न’ मानलं, म्हणजे निदान पैशांचा हक्क मागता आला असता. पण फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टाने ठरवलं की तो समारंभ कायद्याच्या लेखी लग्न नव्हताच, रद्दबातलसुद्धा नव्हता.

‘बरीच वर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवराबायको होतात’ हा समज इथल्या गोऱ्या लोकांतही आहे आणि तो साफ चुकीचा आहे, हेही त्यांनी स्पष्ट केलं. आमचं घर नवऱ्याने लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेलं, त्याच्या एकट्याच्या नावावर. हप्ते दोघांच्या पगारातून गेले. उद्या काही झालं असतं तर माझा वाटा मला पै-पैचा हिशोब दाखवून सिद्ध करावा लागला असता.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस आहे, तरी त्याला ते लागलं. “माझ्यावर विश्वास नाही का?” एवढंच म्हणाला आणि मुलांना झोपवायला वर गेला. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही हा विषय काढला नाही. मी रात्रपाळ्या घेत राहिले. तुमच्याही घरात असं होईल. माझं एवढंच म्हणणं आहे की या गोष्टीला भांडणाचं रूप येण्याआधी, सगळं सुरळीत चालू असतानाच ती बोलायची. मैत्रिणीचं उदाहरण मी त्याच्यासमोर फार वेळा ठेवलं, ती माझी चूक झाली. त्याला वाटायचं मी त्याच्या मरणाची तयारी करते आहे.

गाडी पुढे सरकली ती एका मौलानांमुळे. २०२२ च्या मार्चमध्ये, रमजानच्या आधी, नवरा स्वतःहून त्यांच्याकडे गेला. नोंदणी केली तर आधीचा निकाह कमकुवत ठरतो का, हा त्याच्या मनातला खरा प्रश्न होता. मौलाना म्हणाले, निकाह आहे तसाच राहतो, नवा करायची गरज नाही. ही त्या निकाहाची सरकारदरबारची लेखी नोंद समजा. मग त्यांनी आठवण करून दिली की कुरआनातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, ही देणंघेणं लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा एवढंच सांगणारी आहे. नवरा घरी आला, जेवला, आणि हात धुता धुता म्हणाला, “ईद झाली की करू.”

सासूबाईंना सांगणं त्याहून अवघड होतं. त्यांचं बालपण मंडणगडकडचं, बोली अजून तशीच. “परत लगीन? लोकांना काय सांगायचा?” त्यांना भीती होती की जमातीत बोभाटा होईल, नातवंडांना कुणी काही बोलेल. तिथे भाभी मदतीला आल्या. त्यांनी सासूबाईंना त्यांचाच जुना निकाहनामा दाखवला, आणि इथे येताना व्हिसासाठी तो कसा भाषांतर करून जोडावा लागला होता ते आठवून दिलं. “तुमचा कागद होता म्हणून तुम्ही आलात. हिचाही होऊ दे.” सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी कुठला ड्रेस घालणार.

आता कागदपत्रांकडे येते, कारण तुम्हाला खरी गरज त्याचीच आहे.

लग्नाची नोटीस देण्यासाठी दोघांनीही स्वतः रजिस्टर ऑफिसात जावं लागतं. त्याआधी किमान सात दिवस आपण त्या भागात राहत असलं पाहिजे, तो प्रश्न आम्हाला नव्हता. अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागले. ६ ऑक्टोबर २०२२, गुरुवार. बरोबर पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी कौन्सिल टॅक्सचं बिल वर्षभराच्या आतलं, वीज-गॅसचं बिल तीन महिन्यांच्या आतलं, बँकेचं स्टेटमेंट एक महिन्याच्या आतलं, किंवा वाहनपरवाना, यांपैकी एक चालतं. आमच्या घरची सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर होती, म्हणून मी वाहनपरवाना नेला. फी तेव्हा माणशी ३५ पौंड होती. आता ती वाढली आहे, तेव्हा जाण्याआधी बघून घ्या. ज्यांच्याकडे अजून कायम राहण्याची परवानगी नाही त्यांना जास्त कागद लागतात आणि २८ दिवसांची मुदत ७० दिवसांपर्यंत जाऊ शकते. आम्ही दोघंही ब्रिटिश नागरिक असल्यामुळे ती पाळी आली नाही.

दोघांना एकेकटं आत बोलावतात. दोघं खरंच एकमेकांना ओळखतात ना, कुणावर जबरदस्ती नाही ना, हे बघायचं असतं. नवऱ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, व्यवसाय मला विचारलं. मग तो प्रश्न आला, ज्याची मी महिनाभर धास्ती घेतली होती. सद्य वैवाहिक स्थिती. अविवाहित, घटस्फोटित की विधवा?

मी टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होते. बोटात निकाहची अंगठी होती. मी त्या बाईंना खरं ते सगळं सांगितलं: २०१२ मध्ये निकाह, हॉलमध्ये, इथेच, दोन मुलं आहेत. त्यांनी फक्त दोन प्रश्न केले. तो हॉल लग्नासाठी नोंदवलेला होता का? आणि भारतात किंवा दुसऱ्या कुठल्या देशात कधी तुमचा निकाह झाला आहे का? दोन्हींना नाही म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “मग कायद्याप्रमाणे तुम्ही अविवाहित आहात. असं सांगणाऱ्या तुम्ही या आठवड्यातल्या पहिल्या नाही.” हे शेवटचं वाक्य त्यांनी नियमात बसतं म्हणून म्हटलं नसणार. मला त्याने फार धीर आला. तो दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. तुमचा निकाह कोकणात झाला असेल तर तुम्ही विवाहितच आहात, ‘अविवाहित’ असं लिहून देऊ नका. तुम्हाला इथे लग्न करायची गरज नाही. तिकडची नोंद आणि तिचं भाषांतर जपून ठेवा, बस्स.

पुढे आईवडिलांची माहिती विचारली. अब्बा जहाजावर होते, ते सांगितलं. मग विचारलं, आईचं नाव? आईचा व्यवसाय? इंग्लंडमधल्या लग्नाच्या दाखल्यावर १८३७ पासून फक्त बापांची नावं येत होती. ४ मे २०२१ पासून आयांचीही येतात. मला हे माहीत नव्हतं. मी सवयीने ‘गृहिणी’ म्हणणार होते. पण डोळ्यांसमोर अम्माचं उषाचं मशीन आलं, ओटीवर खिडकीशी ठेवलेलं, पायटा झिजून गुळगुळीत झालेला. ईदच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे गावातल्या बायकांची कापडं आणि त्यांना टाचणीने लावलेल्या मापांच्या चिठ्ठ्या. माझ्या नर्सिंगच्या फीचे पहिले दोन हप्ते त्या मशीनवर निघाले. मी म्हटलं, “शिवणकाम. ड्रेसमेकर.” बाईंनी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून स्पेलिंग तपासायला सांगितलं. अम्माचं नाव तिच्या आधार कार्डावर एक आणि माझ्या जन्मदाखल्यावर दुसरं आहे. मी कार्डावरचं घेतलं. हे घरून ठरवून जा. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे वेगळा अर्ज, वेगळी फी.

नोटीस २८ दिवस जाहीर लावलेली असते. ते २८ दिवस मला जड गेले. तिथे कुणी ओळखीचं गेलं आणि नावं वाचली तर, या विचाराने रात्री जाग यायची. कुणी वाचली नाहीत, किंवा वाचली असतील तर बोललं नाही. याच काळात आम्ही मृत्युपत्राचंही बघितलं. नवऱ्याने त्या वर्षीच एक मृत्युपत्र केलं होतं. वकील बाई म्हणाल्या, लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, पुढच्या लग्नाचा विचार करून लिहिलेलं असेल तरच टिकतं. त्यामुळे आम्ही ते दोघांचं नव्याने करून घेतलं, वारसाचे शरियतप्रमाणे हिस्से धरून. इथल्या कायद्यात मृत्युपत्राने ते करता येतं.

१८ नोव्हेंबरचा शुक्रवार मिळाला, सकाळी साडेदहाची वेळ. सगळ्यात साधा समारंभ घेतला, फी ४६ पौंड. त्या खोलीत रजिस्ट्रार धरून मोजकीच माणसं मावतात. साक्षीदार दोन लागतात. एक भाभी, आणि दुसरी माझी ती मैत्रीण. मी तिला विचारायला कचरत होते. तीच म्हणाली, “मला येऊ दे.”

मी मोतिया रंगाचा शरारा घातला, निकाहच्या वेळचा दुपट्टा घेतला. या समारंभात धर्माचं काही म्हणायला परवानगी नसते, हे आधी माहीत असू द्या, नाहीतर कुणी वडीलधारे दुआ म्हणायला उभे राहतात आणि त्यांना थांबवावं लागतं. सासूबाईंनी दुआ घरूनच करून पाठवली होती. रजिस्ट्रारबाई वाक्य म्हणतात आणि आपण त्यांच्यामागून म्हणायचं. या लग्नाला कायद्याने कुठली आडकाठी असल्याचं मला माहीत नाही, आणि इथे हजर असलेल्यांना साक्षी ठेवून मी याचा नवरा म्हणून स्वीकार करते, अशा अर्थाची ती वाक्यं. निकाहच्या दिवशी माझा होकार मामूंनी खाली नेला होता. त्याचा मला कधी राग नव्हता, तो आमच्या रीतीतला मान आहे. पण या वेळी माझं पूर्ण नाव माझ्याच आवाजात खोलीभर ऐकू आलं आणि समोर माझी आठ वर्षांची मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मधेच मला थांबून श्वास घ्यावा लागला. नवऱ्याचेही डोळे भरून आले होते.

सह्या झाल्या. आधी नवरा, मग मी, मग भाभी, मग मैत्रीण. तिने सही करायला पेन हातात घेतलं आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. कुणी घाई केली नाही.

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. नवरा जुम्म्याला गेला, आम्ही बायका घरी आलो. सासूबाईंनी सांदणं वाफवली होती आणि नारळाचं दूध काढून ठेवलं होतं.

आता दाखला जागच्या जागी हातात देत नाहीत. सह्या केलेल्या कागदावरून कम्प्युटरवर नोंद होते आणि दाखला पोस्टाने येतो. आमचा आठवडाभरात आला. एका प्रतीचे तेव्हा ११ पौंड, आम्ही दोन घेतल्या. नोटीस ७०, समारंभ ४६, दाखले २२, मिळून १३८ पौंड. हॉलच्या खुर्च्यांवरच्या कव्हरांना आम्ही २०१२ मध्ये याहून जास्त पैसे मोजले होते.

दाखल्याचा फोटो अम्माला पाठवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण नाव ओळखता येतं. लगेच फोन आला. “माजा नाव हाय त्यात?” आहे, म्हटलं, आणि शिवणकामही आहे. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “शिवान पण लिवलंस?” आणि मशीनचा पट्टा तुटलाय, दापोलीला मिळत नाही, असं सांगायला लागली. तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

एक काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आईबापांचं लग्न मुलांच्या जन्मानंतर झालं तर मुलांच्या जन्माची पुन्हा नोंद करायची असते, लग्नापासून तीन महिन्यांच्या आत. त्याला ‘एलए वन’ नावाचा फॉर्म आहे. नोंदीला फी नाही, नव्या दाखल्यांचे तेवढे पैसे पडतात. आम्ही जानेवारी २०२३ मध्ये ते उरकलं. मुलीने विचारलं, माझा वाढदिवस बदलणार का? नाही, म्हटलं, तुझा वाढदिवस तोच. घराच्या कागदावर माझं नाव लावायला मात्र कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगी लागली आणि त्याला पुढचे चार महिने गेले.

२०२४ च्या उन्हाळ्यात भाभींच्या मुलीचं लग्न ठरलं. गुरुवारी रजिस्टर ऑफिस, शनिवारी निकाह. नोटिशीच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी पुतणी माझ्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसली होती. भाभी चहा गाळत होत्या.

“चाची, आईच्या व्यवसायात काय सांगू?”

“केटरिंग सांग,” भाभी गाळणी हातात धरूनच म्हणाल्या. “वीस वर्षं लोकांच्या दावती करते आहे.”

पुतणीने वहीत लिहून घेतलं. मग तिची दुसरी अडचण निघाली, कौन्सिल टॅक्सचं बिल तिच्या अब्बांच्या नावावर आणि वाहनपरवाना अजून काढलेला नाही. मी म्हटलं, बँकेचं स्टेटमेंट छापून ने, पण एक महिन्याच्या आतलं.